दगडाची लोकर

नावाचा पुकारा झाला तेव्हा आदिनाथ देवकते सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीसमोर रांगेत सातवा होता. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिळायच्या आणि ऑफिसातून अर्ध्या तासाची सवड काढून तो त्या घ्यायला यायचा. शेजारच्या आवारात कसलंसं शिबिर होतं. हिरव्या कापडाचा मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक्स-रेची गाडी आणि टेबलामागे माईक धरून बसलेली एक मुलगी. ती एकेक नाव वाचत होती आणि बाजारातला गलका कानावरून जावा तशी ती नावं त्याच्या कानावरून जात होती. मग ती म्हणाली, ‘आदिनाथ आश्रुबा देवकते.’ तो वळला. ओ द्यायला तोंडही उघडलं. आणि त्याचा आवाज निघायच्या आत मंडपातून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला, ‘हाय, म्याडम. हितंच हाय.’

खुर्चीच्या पाठीला धरून एक माणूस उठत होता. उठणं एका दमात होईना. अर्ध्यावर थांबून त्यानं तोंडानं हवा ओढली आणि मग उरलेलं उठला. शेजारच्या बाईनं त्याच्या काखेत हात घातला. आदिनाथनं आधी त्या बाईला ओळखलं. ती छबुबाई होती, त्याच्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे तो माणूस सिदू होता. दोन दिवाळ्या आदिनाथ वडवणीकडे गावी गेला नव्हता. तेवढ्यात सिदूच्या अंगावरचं सगळं कुणीतरी सोलून नेल्यासारखं झालं होतं. गळ्याच्या खड्ड्यात कातडी आत जात होती आणि बाहेर येत होती, इथून दिसावी इतकी. ‘ओ काका, सरकायचंय का न्हाई?’ मागचा माणूस म्हणाला, ‘का नुसतंच उभं ऱ्हायला आलाव?’ आदिनाथ सरकला, गोळ्या घेतल्या, वहीत सही केली. आ. आ. देवकते. चाळीस पावलांवर हेच नाव दुसरा एक जण अंगठ्यानं उठवत होता. जाऊन भेटावं असं त्याच्या मनात आलं नाही. मनात आलं ते हे, की आपल्याला कुणी पाहिलं का. पुढच्या दारानं तो बाहेर पडला, रिक्षा न करता ऑफिसच्या दिशेनं चालू लागला, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपण स्वतःचे श्वास मोजतो आहोत.

देवकत्यांच्या घरात शाळेचा दाखला एकच होता. आश्रुबाला दोन पोरं. थोरल्याला शाळेत बसवायचं आणि धाकट्याला मेंढरांमागं धाडायचं, हे ठरवायचीसुद्धा वेळ आली नव्हती. मेंढरांना माणूस लागतं आणि ते धाकटं असतं. सिदूचा जन्म कुठल्याही कागदावर नव्हता. तो झाला तेव्हा कळप गोदावरीच्या अंगाला उतरला होता आणि जोंधळा हुरड्यात होता, एवढंच आईला सांगता यायचं. मग एक वर्ष असं आलं की रोगानं तीन आठवड्यांत मेंढरं गेली. एक्क्याण्णव साल. परळीला एक ठेकेदार बॉयलर आणि वाफेचे नळ गुंडाळायची कामं घ्यायचा, साखर कारखान्यांची, सूतगिरण्यांची, जिथं जिथं काही तापतं तिथली, आणि त्याला माणसं हवी होती. आत जायच्या पासाला वयाचा पुरावा लागायचा. आश्रुबानं पत्र्याच्या पेटीतून दाखला काढला आणि सिदूच्या हातात दिला. आदिनाथ शेजारीच जेवत होता. ‘आन् मला लागला तर?’ त्यानं विचारलं. ‘झेराक्स काढून ठिव की बे,’ बाप म्हणाला. एवढंच बोलणं झालं. घरात घोंगडी एक असली की जो बाहेर निघेल तो ती घेतो, तसाच तो दाखला होता. नाव हे एकाच माणसाचं असतं, ही गोष्ट त्या घराला ठाऊक नव्हती. आदिनाथला होती. तो बारावी झाला होता, नोकरीचे अर्ज करत होता, अर्ज कसा लिहायचा हे पंचक्रोशीत त्यालाच येत होतं. म्हणून सिदूचा अर्जही त्यानंच लिहिला, आपल्या वळणदार अक्षरात. मी खाली सही करणार आदिनाथ आश्रुबा देवकते. तेव्हा त्याला गंमत वाटली होती. आपलं नाव कमवायला चाललंय आणि आपण घरी बसून आहोत.

दोन वर्षांनी त्याला सरकारी नोकरी लागली, बीडला, कारकुनाची. तिथून पुढं नऊ वर्षं एकच आदिनाथ देवकते दोन हजेऱ्यांवर हजर होता. या गोष्टीचा त्याला विसर पडला होता असं म्हणता येणार नाही. माणूस दातातली पोकळी विसरतो का? जीभ तिकडं न्यायची नाही, इतकंच तो शिकतो. सिदूचं लग्न ठरलं ते सांगायला एकदा तो परळीला गेला होता. अंगात ऑफिसची पँट, खिशाला पेन. रेल्वे स्टेशनाजवळ ठेकेदाराचं गोदाम होतं. दारातल्या माणसाला त्यानं विचारलं, सिदू देवकते कुठाय? ‘सिदू? हितं कुणी सिदू न्हाई.’ धनगराचा, वडवणीकडचा, आदिनाथ म्हणाला. ‘आदिनाथ व्हय? मंग तसं म्हना की. आदिनाथ काय, बसलाय पिंजत.’ आणि त्या माणसानं आत तोंड करून हाक मारली. आदिनाऽऽथ. आपली हाक दुसरीकडं जाताना त्यानं पहिल्यांदा तिथं पाहिली.  राग आला नाही. आपल्याला कुणीतरी वापरून झिजवतंय, अशी काहीतरी भावना होती, आणि झिजत होता तो सिदू.

आत सगळं पांढरं होतं. छपराच्या भोकातून आलेलं ऊन खांबासारखं उभं होतं, आणि त्या खांबात इतकं काही तरंगत होतं की त्याला टेकावंसं वाटावं. रेल्वेनं पोती यायची; त्यात दाबून भरलेला तो पांढरा माल, तंतूचे गड्डे. ते सुटे करून नळांवर लपेटायचे. मुकादम सांगायचा, पाणी मारा आणि मग फोडा. बाकीच्या गावची माणसं पाणी मारायची. पण ही सगळी टोळी धनगरांची होती, आणि ओली लोकर पिंजत नाहीत हे धनगराच्या पोराला बोलायच्या आधी कळतं. ओली पिंजली की गोळे होतात. म्हणून त्यांनी तो माल आधी उन्हात वाळवला होता, आणि आश्रुबानं घरची पिंजायची कमान आणून दिली होती. सिदू बाजेवर ढीग घेऊन कमानीची तार छेडत होता, आणि गड्डा फुटून ढगासारखा वर येत होता. ठेकेदार खूष होता. बाकीच्यांच्या हातचा एक पोतं माल जेवढ्या नळाला पुरायचा, त्याच्या दुप्पट नळाला धनगरांच्या हातचा पुरायचा. ‘दगडाची लोकर हाय, दादा,’ सिदू म्हणाला. भुवया, पापण्या, मिशी, सगळं पांढरं. नुकत्याच झालेल्या कोकरासारखा दिसत होता. ‘दगडाला बी लोकर येती. आन् जळत न्हाई, हे बघ.’ त्यानं तळहातावर पुंजका घेऊन काडी लावली. पुंजका लाल झाला, काडी विझली, पुंजका पुन्हा पांढरा. सिदू लहान पोरासारखा हसला. निघताना त्यानं दोन उश्या भरून दिल्या होत्या, एक आईला, एक दादाला. आईची उशी तिच्याबरोबर सरणावर ठेवली. ती खोकून गेली तेव्हा वय झालं होतं असं सगळे म्हणाले. आपली उशी कधी आणि कुठं टाकली, हे आदिनाथला आठवेना. बीडच्या पहिल्या खोलीत ती होती, हे मात्र आठवलं.

तो बुधवारी गेला आणि पैसे भरून छातीचा फोटो काढून आला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा गल्लीतल्या खाजगी ठिकाणी. नाव सांगताना अडखळला. काचेवर लावलेल्या त्या काळ्या कागदाकडं डॉक्टरनं चहाचा कप धरूनच पाहिलं आणि म्हणाला, ‘साफ आहे. पंचविशीतल्या पोराचं असावं असं.’ आदिनाथला बाहेर येऊन पायरीवर बसावं लागलं. या शहरात आता आदिनाथ आश्रुबा देवकते या माणसाच्या छातीचे दोन फोटो होते, एक काळाभोर आणि एक पांढऱ्या रेघांचा. दोन्हींवर नाव तेच. त्याला आनंद झाला होता. आनंद इतका उघडा होता की त्यानं रस्त्याकडं पाठ केली. घरी येऊन त्यानं तो फोटो कपाटाच्या मागं सरकवला आणि रात्रीच्या जेवणाला दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सिदू घरी आला तो पुढच्या आठवड्यात. छबुबाईनं एका हातात त्याला धरलं होतं, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत तुरीच्या शेंगा. बसस्टँडवरून रिक्षा केली होती तरी जिन्याच्या अकरा पायऱ्या त्याच्याच्यानं एकदम झाल्या नाहीत. पाचव्या पायरीवर तो बसला, आणि वर उभ्या आदिनाथकडं बघून हसला, म्हणाला, ‘दादा, लई उंचावर ऱ्हातो बे तू.’ बापाचा तो ‘बे’ सिदूच्या तोंडात आदिनाथला कधी आवडला नव्हता. दीपमालानं, आदिनाथच्या बायकोनं, चहा केला. एक कप वेगळा होता, दांडी तुटलेला. छबुबाईला ते दिसलं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘टीबी न्हाई त्यान्ला, बाई. दवाखान्यानं लिवून देलंय. लागत न्हाई कुनाला.’ ‘अगं बाई, तसं कुठं म्हणाले मी?’ दीपमाला म्हणाली, आणि कप बदलला नाही.

कागद छबुबाईनं काढला. शिबिरात छातीचा फोटो निघाला होता, मोठ्या डॉक्टरनं बघितला होता, रोग पक्का होता, अॅस्बेस्टॉसचा, आणि त्यावर सरकारची भरपाई होती. महिन्याची पेन्शन, ती सिदूच्या मागं छबुबाईला; आणि घरी ठेवायचं ऑक्सिजनचं यंत्र. सगळं जमलं होतं. पण आधार कार्डावर तो सिदू होता आणि ठेकेदाराच्या हजेरीत आदिनाथ. म्हणून भरपाई देणाऱ्या मंडळानं पत्र दिलं होतं की दाखला ज्याचा आहे त्याचा लेखी जबाब आणा. ‘बाकीचं काय न्हाई, भावजी,’ छबुबाई म्हणाली, ‘त्या यंत्राचं बघा. वरीस झालं, ह्ये आडवं झोपलं न्हाईत. भितीला टेकून बसत्यात आन् तसंच डोळं लावत्यात. आडवं झालं की बुडाल्यावानी व्हतंय म्हनत्यात.’ सिदू तिला थांबवू पाहत होता, पण बोलायला लागणारी हवा त्याला गोळा करावी लागत होती. ‘हिचं काय ऐकतूस. बसून बी झोप लागती. मेंढरामागं काय आपुन आडवं झोपायचो का?’ मग बराच वेळ नुसता श्वास. ‘तू फकस्त खरं काय त्ये लिवून दे, दादा. एका ओळीचं तर काम हाय.’

खरं काय ते. आदिनाथ म्हणाला, ‘बघू. नियम बघावा लागेल.’ सिदू म्हणाला, ‘बघ की. तुज्याइतकं कुनाला कळतंय नियमातलं?’ आणि त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आदिनाथला बरं वाटलं असतं. ती दोघं गेल्यावर दीपमालानं कप खळबळून पालथा घातला आणि म्हणाली, ‘एकतीस मेला रिटायर होताय. चार महिने राहिलेत. काय ते समजून करा.’ तो बाथरूमात जाऊन खोकून आला. ‘लागत नाही ना?’ ती बाहेरून म्हणाली, ‘मग तुम्ही कावून खोकताय?’

ऑफिसात मोहनराव आस्थापना बघायचे. कुणाची पेन्शन कशामुळं अडकली, कुणाच्या ग्रॅच्युइटीवर कुठला शेरा बसला, हे मोहनराव पोथी सांगावी तसे सांगायचे. आदिनाथनं गोष्ट एका दूरच्या माणसाची म्हणून काढली. समजा, एकाचा दाखला दुसऱ्यानं वापरला, कामावर लागायला. मोहनरावांनी चष्मा कपाळावर घेतला. ‘वापरला म्हणजे? यानं दिला का त्यानं पळवला?’

‘त्यानं फरक पडतो?’

‘देवकते, तीस वर्षं तुमी हितं काय गवऱ्या थापल्या का? दिला आसल तर दोघं अडकत्यात. पळवला आसल तर एकच.’ मग त्यांनी आवाज उतरवला. ‘आन् ह्यो दाखला देनारा सरकारी नोकर आसल तर रिटायर व्हायच्या आत चौकशी लावत्यात. चौकशी म्हंजे काय हो? काय निघत न्हाई शेवटी. पर निघंस्तवर ग्रॅच्युइटी बंद, पेन्शन तात्पुरती. आमच्या सुरजच्या सासऱ्याची सात वर्षं चालली. निर्दोष सुटला. पत्र आलं तवा तेराव्याचा मांडव व्हता.’ मोहनराव हसले. गोष्ट खरी असो नसो, ती ते चांगली सांगत. ‘कोन हाय हो तुमचा त्यो दूरचा?’

कुणी नाही, आदिनाथ म्हणाला, गावाकडचा आहे. त्या दिवसापासून ती दोन वाक्यं त्याच्या डोक्यात बसून राहिली, दिला असेल तर दोघं, पळवला असेल तर एकच, आणि रस्त्यानं चालताना पाय त्या वाक्यांच्या तालावर पडायचे. त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. वाईट करावं इतका सिदू कधी त्याच्या आयुष्यात नव्हताच. लहानपणी तो वर्षातून चार महिने दिसायचा, पावसाळ्यात, मेंढरं मुलखात परतली की. अंगाला लोकरीचा ओशट वास, आणि दादाची पुस्तकं हुंगून बघायची सवय. एकदा आदिनाथनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली होती. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सिदूनं पाटीवर स्वतःच्या मनानं एक मेंढरू काढलं, चारही पाय बरोबर जागी असलेलं, आणि आदिनाथनं ते थुंकी लावून पुसलं, म्हणाला, तुला नाही येणार. का पुसलं होतं? चित्र चांगलं होतं म्हणून. इतक्या वर्षांनी ते त्याला स्वच्छ कळलं, फाइलीत बारीक अक्षरात लिहिलेला शेरा अचानक वाचता यावा तसं, आणि कळून काही झालं नाही. तो पुढच्या चौकात भाजी घ्यायला थांबला.

सुनावणी गुरुवारी होती. जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या आवारात मागच्या अंगाला माडीवर एक खोली, तिच्यात मंडळाच्या, उज्ज्वला नावाच्या अधिकारी बाई. वय पस्तिशीच्या आत, समोर फाइलींचा ढीग, डब्यातली पोळी अर्धी खाऊन बाजूला सरकवलेली. सिदूला जिना नको म्हणून त्यांनीच त्याला खाली पायरीवर बसायला सांगितलं होतं. आदिनाथला त्यांनी खुर्ची दिली. ‘काका, हे अगदी साधं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्याबरोबरच्या दोन कामगारांची साक्ष झालीय. एक्स-रे आहे. तुम्ही फक्त लिहून द्या की दाखला माझा, काम भावानं केलं, मी त्याला तो दाखला दिला होता. अशा खूप केसेस आहेत, तुमची एकट्याची नाही.’

‘आणि माझ्यावर?’

‘तुमच्यावर काय?’ त्यांना खरंच कळलं नाही.

‘म्हणजे पुढं काही कारवाई.’

‘कसली हो कारवाई, इतक्या वर्षांनी? काही नाही होत.’

‘ते लेखी मिळेल का?’

बाई हसल्या. थट्टेनं नाही, थकून. ‘लेखी कसं देऊ, काका? न होणाऱ्या गोष्टीचं पत्र कोण देतं?’ आणि त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. आदिनाथनं खिशातलं स्वतःचं पेन काढलं. कागद सरळ केला, डावीकडं समास सोडला. बत्तीस वर्षं तो मसुदे लिहीत आला होता. कुठल्या शब्दानं फाइल पुढं सरकते आणि कुठल्या शब्दानं ती कायमची झोपते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. त्यासाठी डोकं लागत नव्हतं. मी खाली सही करणार. सदर ठेकेदाराकडे मी कधीही काम केलेले नाही. सन १९९१ ते २००२ या काळात माझा लहान भाऊ सिदू आश्रुबा देवकते याने माझ्या शाळेच्या दाखल्याचा वापर करून, माझ्या. इथं पेन थांबलं. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं आणि ती लागत नव्हती. त्याला वाटलं, आपल्याला आता काहीतरी वाटेल. आई दिसेल, बाप दिसेल, गोदामातलं ते ऊन दिसेल. काही दिसलं नाही. दिसला तो निवृत्तीच्या आदेशाचा कागद, त्याची शाई, त्यावरचा जावक क्रमांक. छातीत हवा सहज जात होती आणि सहज येत होती. माझ्या संमतीशिवाय व मला अंधारात ठेवून सदर काम केलेले आहे. पूर्णविराम. सही. सहीखाली तारीख.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग वर पाहिलं, आणि आता त्या थकलेल्या दिसत नव्हत्या. ‘हे असं लिहिल्यावर काय होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?’

‘हो.’

‘फसवणुकीनं घेतलेली ओळख म्हणून अर्ज फेटाळला जाईल. मला दुसरं काही करताच येणार नाही. खाली बसलेत ते, काका. मी त्यांची छाती बघितलीय.’

‘जे आहे ते आहे, मॅडम.’

‘आणि हे खरं आहे?’

‘हो,’ आदिनाथ म्हणाला, आणि त्याला आश्चर्य वाटलं ते याचं की शब्द किती लहान आहे. बाईंनी शिक्का मारला, जरा जोरातच. कागदाची एक प्रत पोच म्हणून त्याच्याकडं सरकवली. निकालाचं पत्र महिन्याभरात जाईल म्हणाल्या, आणि तो उठेपर्यंत पुन्हा त्याच्याकडं पाहिलं नाही.

खाली लिंबाच्या सावलीत, कट्ट्याच्या पायरीवर, सिदू गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. बसायची ती त्याची आता कायमची तऱ्हा झाली होती. तशी छाती थोडी मोकळी राहायची. छबुबाई शेजारी एक्स-रेचं मोठं पाकीट मांडीवर घेऊन, फुटेल असं काही त्यात असावं तशी धरून. ‘झालं?’ सिदूनं विचारलं.

‘झालं.’

‘बघ, म्या म्हनलं नव्हतं?’ तो बायकोला म्हणाला. ‘ही म्हनत व्हती, मोठं भावजी न्हाई द्यायचे. सरकारी मानूस हाय, भेतं. म्या म्हनलं, तुला काय ठावं? त्या वक्ताला अर्ज कुनी लिवलाता? आप्पानं नुसता दाखला काडून दिला. अर्ज दादानं लिवला. रातभर बसून.’ रात्रभर नव्हे, अर्धा तास.  सिदूनं दोन श्वास घेतले. ‘वाच की, दादा. काय लिवलंय ऐकू दे.’

‘नेहमीचंच आहे. सरकारी भाषा.’

‘आसू दे. मला आवडती. तू वाचतूस तवा कीर्तनावानी वाटतंय.’

छबुबाईनं डोईवरचा पदर पुढं घेतला आणि ऐकायला मान वाकवली. आदिनाथनं कागदाची घडी उलगडली. आपलं अक्षर किती नीटस आलंय, हे त्यानं पाहिलं. मग घसा साफ केला आणि वाचू लागला. ‘मी खाली सही करणार आदिनाथ आश्रुबा देवकते, जबाब लिहून देतो की, सदर ठेकेदाराकडे मी कधीही काम केलेले नाही. सन १९९१ ते २००२ या काळात माझा लहान भाऊ सिदू आश्रुबा देवकते याने माझ्या शाळेच्या दाखल्याचा वापर करून, माझ्या,’ आणि इथं तो थांबला नाही, ‘माझ्या संमतीने व माझ्या माहितीने सदर काम केलेले आहे. घरची गरज म्हणून तो दाखला मी त्यास स्वतः दिला होता. त्यास झालेला आजार त्याच कामाने झालेला आहे.’ आवाज कुठंही अडखळला नाही. नसलेली वाक्यं असलेल्यांहून बरी उतरत होती.

‘खुशीनं,’ सिदू म्हणाला.

‘काय?’

‘खुशीनं दिलता तू. त्ये घातलंस का?’

आदिनाथनं कागदावर नजर फिरवली. ‘घातलंय,’ तो म्हणाला. ‘इथं आहे. स्वखुशीने.’

सिदूनं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते हवेसाठी ओढाताण करून आलं होतं की दुसऱ्या कशानं, ते सांगता आलं नसतं. तो वाकला. वाकणं त्याला जमत नव्हतं, तरी वाकला, आणि दादाच्या बुटाला हात लावून तो हात कपाळाला नेला. ‘आन हिकडं,’ मग तो म्हणाला, आणि कागदासाठी हात पुढं केला.

‘राहू दे माझ्याकडं. पोच आहे ती. फाइलला लागेल.’

‘लागंल तवा देतो की. बीडात काय मी पुन्ना येनार न्हाई व्हय?’ आणि हात तसाच पुढं ठेवला. आवारात माणसं जात-येत होती, एक ओळखीचा शिपाई थांबून बघत होता. आदिनाथनं कागद दिला. सिदूनं तो न वाचता येणाऱ्या माणसासारखा, उलटा धरून, बराच वेळ पाहिला, अंगठ्यानं सहीवरून फिरवलं, आणि बायकोकडं दिला. छबुबाईनं तो एक्स-रेच्या पाकिटात, त्या पांढऱ्या रेघांच्या फोटोच्या पाठीशी, अलगद सरकवला.

‘अंजू येतीया शनवारी,’ ती म्हणाली, ‘आमची धाकली. लातूरला नर्सिंगला हाय न्हवं का, भावजी, होस्टेलवर. आल्याबरुबर आधी तिला ह्येच वाचाय लावनार हायत ह्ये. दोनदा तरी.’

‘चारदा,’ सिदू म्हणाला.

त्यांना बसस्टँडपर्यंत रिक्षा आदिनाथनंच करून दिली. सिदू मागच्या बाकावर पुढं वाकून बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकून, आणि वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यानं एक हात बाहेर काढून हलवत ठेवला. आदिनाथ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. उद्या शुक्रवार होता. उद्या त्याला ऑफिसात निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या, सहा प्रतींत.